लेबलवर २०, टाकीत १२.५: ऑफ-रोड पिकअपच्या ॲव्हरेजचं खरं गणित

एपिसोड ऐकताना आकडे डोक्यावरून जातात, ही तुमची नेहमीची तक्रार. बसमध्ये, लोकलमध्ये, भांडी घासताना ऐकणाऱ्याने कुठे लिहून घ्यायचं? म्हणून या एपिसोडचा हा लेखी भाग. बोललो तसंच ठेवलंय, आकडे तेवढे नीट मांडलेत. मोबाईलवर आरामात वाचा.

आजचा विषय आहे ऑफ-रोड पिकअप ट्रक आणि त्यांचं ॲव्हरेज. कंपनीच्या स्टिकरवर एक आकडा असतो आणि टाकीतून दुसराच निघतो. हे का होतं, कोण खोटं बोलतंय आणि आपण नेमकं काय करायचं, ते बघू.

बाबांचा पहिला प्रश्न

मी सध्या अमेरिकेत डेन्व्हरला राहतो, काम सॉफ्टवेअरचं. दोन वर्षांपूर्वी एक जुनी, मध्यम आकाराची, फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीच. सांगलीला व्हिडिओ कॉल लावला, गाडी चारी बाजूंनी फिरून दाखवली. आई म्हणाली, "केवढी मोठी रे! लावतोस कुठं?" बाबांनी एकच विचारलं, "ॲव्हरेज काय देते?"

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांच्यासाठी गाडी म्हणजे आधी ॲव्हरेज, मग बाकी सगळं. मी रुबाबात सांगितलं, "लेबलवर २० आहे. शहरात १८, हायवेला २२. मैल प्रति गॅलन."

"लिटरमध्ये सांग."

एक मैल प्रति गॅलन म्हणजे साधारण ०.४२५ किलोमीटर प्रति लिटर. म्हणजे २० चे झाले साडेआठ. बाबा म्हणाले, "लेबल सोड. टाकी फुल करून मोजलास का?"

नव्हतं मोजलं. ते व्हाइट रिमला कळलं.

व्हाइट रिमवरचा पिवळा दिवा

युटा राज्यात मोआब गावाजवळ कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क आहे. तिथे कड्याच्या पोटातून जाणारा व्हाइट रिम नावाचा १०० मैलांचा कच्चा रस्ता आहे. फोर-व्हील-ड्राइव्हने दोन-तीन दिवस लागतात, परमिट लागतं, आणि मध्ये पाणी नाही, पेट्रोल नाही. बरंचसं नेटवर्कही नाही. गाडी बंद पडली तर टोइंगवालाच बोलवायचा, आणि त्याचं बिल ऐकून घाम फुटतो.

गेल्या ऑक्टोबरात मी, माझा रूममेट आणि त्याचा मामेभाऊ असे तिघे गेलो. ग्रँड जंक्शनला टाकी फुल केली. टाकी २१ गॅलनची. पार्कचा फाटा मोआबच्या दहाएक मैल आधीच वळतो, म्हणजे पेट्रोलसाठी पुढे गावात जाऊन परत मागे यावं लागलं असतं. मामेभाऊ म्हणाला, "दादा, भरून घेऊया का?" मी फोनवर हिशेब केला. जाऊन-येऊन एकूण साधारण २५० मैल, लेबलवर २०, म्हणजे साडेबारा गॅलन. साडेआठ उरतात. "गरज नाही रे," म्हटलं आणि वळलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनरल बॉटमचा घाट चढताना पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. घाट म्हणजे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. त्यापुढे कच्चा रस्ता, आणि मग मोआबपर्यंत डांबरी. एसी बंद केला, गाणी बंद झाली, गाडीत कोणी बोलेना. मोआबच्या पंपावर पोचलो तेव्हा टाकीत २०.२ गॅलन मावलं. ओडोमीटरवर २५३ मैल झाले होते.

२५३ भागिले २०.२ म्हणजे १२.५. किलोमीटर-लिटरमध्ये ५.३. रात्री बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, मग एसटीच काय वाईट होती?"

लेबल २० म्हणतं, मला १२.५ मिळाले. फरक ३७ टक्क्यांचा. मी पुढचे दोन महिने हा फरक शोधण्यात घालवले, जसा एखादा बग शोधावा तसा. जे सापडलं ते सांगतो.

लेबलचा आकडा येतो कुठून?

अमेरिकेत हा आकडा ईपीए म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेच्या नियमांनी ठरतो. बऱ्याच जणांना वाटतं की सरकारी माणूस गाडी रस्त्यावर चालवून बघतो. तसं नाही. बहुतेक टेस्ट कंपन्या स्वतःच्या लॅबमध्ये करतात. ईपीए त्यातल्या साधारण १५ ते २० टक्के गाड्या मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या आपल्या लॅबमध्ये पुन्हा तपासते.

टेस्टमध्ये गाडी जागची हलत नाही. चाकं मोठ्या रोलरवर फिरतात, त्याला डायनो म्हणतात. ड्रायव्हरसमोर स्क्रीनवर वेगाचा आलेख असतो आणि त्याबरहुकूम तो गाडी चालवतो. पेट्रोल किती जळलं हे टाकीतून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघणारा धूर गोळा करून त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून पेट्रोलचा हिशेब काढतात. एकदम काटेकोर काम.

मुख्य टेस्ट दोन:

- शहर: सुमारे ११ मैल, सरासरी वेग ताशी २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर.
- हायवे: सुमारे १० मैल, सरासरी वेग ताशी ४८ मैल, कमाल ६०. म्हणजे ९७ किलोमीटरच्या वर गाडी जातच नाही.

२००८ च्या मॉडेलपासून यात आणखी तीन टेस्ट आल्या: एक ताशी ८० मैलांपर्यंत जाणारी आणि जोरात ॲक्सिलरेटर दाबणारी, एक ९५ फॅरनहाइट उन्हात एसी लावून, आणि एक २० फॅरनहाइटच्या म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या थंडीत. शिवाय वारा, चढ, खडबडीत रस्ता, पेट्रोलमधलं इथेनॉल अशा डायनोवर न दिसणाऱ्या गोष्टींसाठी सरसकट ९.५ टक्के कपात. अनेक मॉडेलना पाचही टेस्ट कराव्या लागत नाहीत. पहिल्या दोन टेस्टचे आकडे ईपीएच्या सूत्रात घालून खाली आणले तरी चालतात.

शेवटी शहराला ५५ टक्के आणि हायवेला ४५ टक्के वजन देऊन एकत्रित आकडा काढतात. माझा २० हा तो आकडा.

म्हणजे लेबल काही थापा नाहीत. साध्या सेडान गाडीवाल्याला बहुतेक वेळा लेबलच्या जवळपासच मिळतं. मग पिकअपचं, त्यातही ऑफ-रोड पिकअपचं घोडं कुठे अडतं?

रोलरला वारा कसा कळतो?

इथे खरी गंमत आहे. डायनोवर गाडी उभी असते, म्हणजे समोरून हवेचा धक्का नाही. मग रोलरने किती अडवायचं हे त्याला कोण सांगतं?

त्यासाठी आधी बाहेर, सरळ सपाट ट्रॅकवर एक टेस्ट होते. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल टाकायची आणि सोडून द्यायची. वेग किती वेळात किती कमी होतो ते मोजायचं. त्यावरून तीन आकडे निघतात. एक वेगाशी संबंध नसलेला, एक वेगाबरोबर वाढणारा आणि एक वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा. हे तीन आकडे डायनोला दिले की तो गाडीला तेवढाच विरोध करतो. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगतो, ही गाडीची कॉन्फिग फाइल आहे. फाइल चुकीची असेल तर टेस्ट कितीही काटेकोर करा, उत्तर चुकणार.

हे नुसतं पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंदाई आणि कियाला २०११ ते २०१३ च्या सुमारे ९ लाख गाड्यांचे ॲव्हरेजचे आकडे खाली आणावे लागले. घोळ याच न्यूट्रलच्या टेस्टमध्ये होता. २०१४ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलरचा दंड भरला.

आता आपल्या गाडीचा विचार करा. कॉन्फिग फाइल शोरूममधल्या गाडीची आहे. त्यानंतर आपण टपावर तंबू लावला, टायर मोठे घातले, पुढे लोखंडी बंपर बसवला. गाडी बदलली, फाइल तीच राहिली. लेबलने जी गाडी मोजली ती आता आपल्याकडे नाहीच.

एकच इंजिन, दोन लेबलं

कंपनीने स्वतःच ऑफ-रोड मॉडेल वेगळं मोजलं की काय होतं, याचं एक झकास उदाहरण आहे शेव्हरोले कोलोरॅडो. मी राहतो ते राज्य नव्हे, त्या नावाची पिकअप.

२०१७ मध्ये तिचं झेडआर२ नावाचं ऑफ-रोड मॉडेल आलं. २ इंच उंच, ३.५ इंच रुंद, ३१ इंची जाड खाचांचे टायर. इंजिन तेच व्ही-सिक्स, गिअरबॉक्स तोच आठ गिअरचा ऑटोमॅटिक. लेबल बघा:

- साधी फोर-व्हील-ड्राइव्ह कोलोरॅडो: शहर १७, हायवे २४
- झेडआर२: शहर १६, हायवे १८

शहरात एकाचा फरक, हायवेला सहाचा. थेट २५ टक्के खाली. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, ऑफ-रोडच्या सजावटीची किंमत मुख्यतः हायवेला वसूल होते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन, ही कबुली ग्राहकाला दिसली कारण झेडआर२चं लेबल वेगळं होतं.

सगळीकडे तसं नसतं. नियमाप्रमाणे लेबल एका गाडीचं नसतं, एका गटाचं असतं. तेच मॉडेल, तेच इंजिन, तशाच प्रकारचा गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांचा एक गट धरतात आणि खपाप्रमाणे सरासरी काढतात. म्हणून अनेक पिकअपमध्ये गुळगुळीत टायरचं साधं मॉडेल आणि राक्षसी टायरचं ऑफ-रोड मॉडेल यांच्या काचेवर एकच आकडा दिसतो. साधी मॉडेलं जास्त खपतात, त्यामुळे सरासरी त्यांच्याकडे झुकते. आपण मराठीत मायलेजला "ॲव्हरेज" म्हणतो ते किती चपखल आहे बघा. तो आकडा खरंच ॲव्हरेज आहे, फक्त आपला नाही.

आणि ८,५०० पौंडांपेक्षा जास्त ग्रॉस वजनाच्या पिकअपना हे लेबल लावायची सक्तीच नाही. रॅम २५०० पॉवर वॅगनसारखी नावाजलेली ऑफ-रोड गाडी त्यात येते. तिथे तुलनेलाही काही नाही.

माझे आकडे गेले कुठे?

आता माझ्या १२.५ चं पोस्टमॉर्टम. पुढच्या दोन हायवे ट्रिपमध्ये, तोच तंबू आणि तेवढंच सामान घेऊन, मी टाकी ते टाकी मोजलं. १४.५ आले. त्या हिशेबाने व्हाइट रिमच्या ट्रिपमधल्या १५३ डांबरी मैलांना साडेदहा गॅलन लागले असणार. उरलेले ९.७ गॅलन गेले ट्रेलच्या १०० मैलांना. म्हणजे हायवेला १४.५, ट्रेलवर १०.

पहिला चोर ओडोमीटर. गाडीला मूळ टायर होते २६५/७०, १७ इंची रिमचे. आधीच्या मालकाने घातलेत २८५/७०. व्यास ३१.६ इंचांवरून ३२.७ इंच झाला, म्हणजे ३.५ टक्के मोठा. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण गाडीला ते माहीत नाही, ती जुन्याच टायरने मोजते. ओडोमीटरने २५३ दाखवले, फोनच्या जीपीएसने २६२. म्हणजे खरं ॲव्हरेज १२.५ नाही, १३ होतं. आणि हायवेचं १५. मोठे टायर घातल्यावर "ॲव्हरेज फारच पडलं" म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी हे तपासा. थोडं पेट्रोल जळलेलंच नसतं, फक्त मैल मोजलेले नसतात.

दुसरा चोर वेग. हायवेच्या मुख्य टेस्टची कमाल ६०. आय-७० वर मी ७५ ने चाललो होतो. ७५ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग म्हणजे १.५६. दर मैलाला हवेशी झगडायला दीडपटीहून जास्त ऊर्जा. लेबलमध्ये थोडी कपात धरलेली असते हे खरं, पण पिकअप म्हणजे चालतं कपाट. तिला हा वर्ग सेडानपेक्षा जास्त झोंबतो.

तिसरा चोर तंबू. अमेरिकी सरकारचीच माहिती आहे की टपावरची मोठी, चौकोनी सामानाची पेटी शहरात २ ते ८ टक्के ॲव्हरेज खाते आणि ताशी ६५ ते ७५ मैलांनी गेलं तर १० ते २५ टक्के. माझा तंबू बंद केला तरी तसलीच पेटी. मधला आकडा १५ धरू.

चौथा चोर वजन. दर १०० पौंडांना साधारण १ टक्का. तीन माणसं, पाणी, कूलर, हत्यारं मिळून नेहमीपेक्षा ४०० पौंड जास्त होते. म्हणजे ४ टक्के.

एक सूचना: हे टक्के बेरजेने लावायचे नाहीत, गुणाकाराने लावायचे. लेबलचे हायवे २२ गुणिले ०.८५ गुणिले ०.९६ म्हणजे सुमारे १८. मला खरे मिळाले १५. उरलेला फरक ७५ चा वेग, जड खाचांचे टायर आणि उंच केलेलं सस्पेन्शन यांच्यात वाटला जातो. हा माझा अंदाज आहे, लॅबचा निकाल नाही, पण हिशेब बसतो.

ट्रेलवर मैल मोजू नका, तास मोजा

ट्रेलवरच्या १० ची गोष्ट वेगळीच. तिथे हवेचा विरोध जवळपास शून्य, मग पेट्रोल जातं कुठे?

आमचं इंजिन दोन दिवसांत साधारण १४ तास चालू होतं. १०० मैल भागिले १४ तास म्हणजे ताशी ७ मैल. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवलं तरी तासाला पाव ते अर्धा गॅलन जातं. अर्धा धरला तर ताशी ७ मैलांना १४ मैल प्रति गॅलन ही कमाल मर्यादा झाली, गाडीने एकही दगड चढायच्या आधी. वर लो-रेंजमध्ये इंजिन जास्त फिरतं, एसी चालू, आणि वाळूसाठी टायरची हवा कमी केलेली. ती हवा मऊ वाळूत मदत करते, पण कडक जमिनीवर चाक जड करते.

९.७ गॅलन भागिले १४ तास, म्हणजे तासाला ०.७ गॅलन. आता मी ट्रेलचं प्लॅनिंग याच आकड्याने करतो. समोर गाडी अडकली, तासभर थांबलो, मैल शून्य झाले तरी पेट्रोल जातंच. मैलांच्या हिशेबात हा तास दिसत नाही.

ॲव्हरेजचा आकडा डोळ्यांना फसवतो

अजून एक गोष्ट, खास करून गाडी घेणाऱ्यांसाठी. २०२१ ची रॅम टीआरएक्स, ७०२ हॉर्सपॉवरची, लेबल १२. समजा दुसरी पिकअप १४ देते. दोनाचाच फरक, काय बिघडलं? आणि एखादी छोटी गाडी २२ वरून ३० वर गेली तर आठाचा फरक, केवढी बचत!

आता १०० मैलांना किती गॅलन ते काढा. १२ ला ८.३, १४ ला ७.१. बचत १.२. दुसरीकडे २२ ला ४.५, ३० ला ३.३. बचत तीच, १.२. म्हणजे जी गाडी आधीच जास्त पिते, तिच्यात एक-दोन मैलांचा फरकही खिशाला जाणवतो. अमेरिकी लेबलवर बारीक अक्षरात "१०० मैलांना किती गॅलन" हा आकडाही असतो. पिकअप घेताना तो बघा.

माझंच सांगतो. तंबू काढून, रोजच्या वापरात मला १६ मिळतात. वर्षाला १५,००० मैल धरले तर लेबलप्रमाणे ७५० गॅलन, प्रत्यक्षात ९३७. गॅलनला साडेतीन डॉलर धरला तर वर्षाला साधारण ६५० डॉलर जादा. ईएमआयचा हिशेब करताना मी लेबलचे २० धरले होते. हे ६५० त्यात नव्हते.

भारतात ऐकणाऱ्यांसाठी

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सचा विचार करत असाल तर गणित तेच आहे, टेस्ट तेवढी वेगळी. आपण ज्याला "एआरएआयचं मायलेज" म्हणतो, ते ज्या टेस्टवरून येतं तिला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. एआरएआय म्हणजे पुण्याची तीच संस्था, जिच्या नावाच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं.

ही टेस्ट १,१८० सेकंदांची, म्हणजे २० मिनिटांची. अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर, सरासरी वेग ताशी ३२.५ किलोमीटर, कमाल ९०. एक्सप्रेस वेवर तुम्ही शंभरने जाता आणि वरंधा घाटात दुसऱ्या गिअरला असता, तेव्हा दोन्हीकडे तुम्ही टेस्टच्या बाहेर असता. अमेरिकेसारखी पाच टेस्टची कपात इथे नाही, त्यामुळे दरी आणखी मोठी वाटते. एकच करा: एआरएआयचा आकडा अमेरिकेच्या ईपीए आकड्याशी ताडून बघू नका. दोन वेगळ्या परीक्षांचे मार्क आहेत ते.

मग करायचं काय?

जे बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेच. एसटीत प्रत्येक १० लिटरला किती किलोमीटर, असा हिशेब ठेवतात. केपीटीएल म्हणतात त्याला. कंपनीने काय लिहिलंय याला डेपोत किंमत नाही. किती डिझेल घातलं आणि गाडी किती धावली, संपलं.

1. पंपावर नोझलचा पहिला "टक्" होईपर्यंत भरा. ट्रिप मीटर शून्य करा.
2. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसंच पहिल्या "टक्"पर्यंत भरा. अंतर भागिले भरलेलं पेट्रोल.
3. निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या. १५ गॅलनच्या भरण्यात अर्धा गॅलन कमी-जास्त झालं तरी ३ टक्क्यांची चूक होते.
4. टायर बदलले असतील तर जीपीएसशी ताडून ओडोमीटर दुरुस्त करा.
5. डॅशबोर्डच्या आकड्यावर विसंबू नका. तो इंजेक्टरच्या हिशेबावरून काढलेला अंदाज असतो. व्हाइट रिमला माझा डॅश १३.६ म्हणत होता.
6. तीन वेगळे आकडे लिहून ठेवा: शहर, भरलेल्या गाडीचा हायवे आणि ट्रेलचे तास.
7. ट्रिपचा प्रत्येक टप्पा त्याच्या-त्याच्या आकड्याने मोजा आणि वर एक तृतीयांश टाकी राखून ठेवा. हा माझा स्वतःचा नियम, त्या पिवळ्या दिव्याने शिकवलेला.

याच पद्धतीने मी व्हाइट रिमचा हिशेब पुन्हा केला. १५३ मैल भागिले १४.५, अधिक १४ तास गुणिले ०.७. उत्तर २०.४ गॅलन. टाकी २१ ची. हा हिशेब आधी केला असता तर फाट्यावरून पुढे मोआबला जाऊन टाकी फुल केली असती. दहा मैल जाऊन दहा मैल परत, वीसेक मिनिटं गेली असती फक्त.

लेबल वाईट नाही. दोन गाड्या शोरूममध्ये शेजारी-शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर त्याच्याइतकी चांगली सोय नाही, कारण दोघींनी एकच परीक्षा दिलेली असते. पण त्या आकड्यावर माणसं घेऊन दरीत उतरायचं नाही. तिथे आपण मोजलेला आकडाच लागतो.

परवा बाबांना शीट पाठवली, तीन रकाने करून. पाच मिनिटांनी फोन आला. "आता कसं हिशेबात आलास. पण ते गॅलन काढ आणि लिटर घाल, मला वाचता येईना."

घातले.

तुमच्या गाडीचं, बाईक असो, कार असो की पिकअप, टाकी ते टाकी ॲव्हरेज काढा आणि तीन टाक्यांनंतर मला कळवा. सोबत कंपनीचा आकडाही लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमचे आकडे मांडून बघू. तोवर टाकी भरलेली ठेवा. भेटू!